एम-३५ ए-२: हवा काढूनही ब्रेक पेडल पहिल्या दाबाला खाली जातंय (एअरपॅक, डॉट ५)

तीनॲक्सल

नमस्कार मंडळी. गाडी एम-३५ ए-२, म्हणजे तीन ॲक्सलचा जुना अमेरिकी लष्करी ट्रक. सहाही चाकांना ड्रम, एअर-ओव्हर-हायड्रॉलिक ब्रेक, हायड्रॉलिकचं एकच सर्किट. सगळ्यात मागच्या ॲक्सलचे दोन्ही व्हील सिलिंडर नवे टाकलेत, त्याच ॲक्सलचा रबरी होजही नवा आहे आणि मास्टर सिलिंडरला नवं रबर किट बसवलंय. एअरपॅकला (हवेच्या जोराने ब्रेकचं प्रेशर वाढवणारं युनिट) हात लावलेला नाही. फ्लुइड जांभळं सिलिकॉन, म्हणजे डॉट ५. आधीही तेच होतं.

दोन माणसं लावून दाब-धर-सोड करत सगळ्या चाकांची हवा काढली. निपलला (हवा सोडायचा छोटा स्क्रू) लावलेल्या पारदर्शक नळीत आता बुडबुडा दिसत नाही. तरी पहिल्या दाबाला पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकतं, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर थांबतं. बाहेर कुठेही ओल नाही.

हवा नेमकी कुठे अडकली असेल? चाकांचा क्रम काय ठेवायचा? आणि हवा काढताना एअर टाकीत प्रेशर असावं की नसावं? यावर दोघांनी दोन टोकांची उत्तरं दिली आहेत.

पाना_चौदा

आधी एवढंच सांगा: दुसऱ्या दाबाला पेडल जिथे थांबतं, तिथे ते कडक लागतं की पायाखाली दबत राहतं?

पंप केल्यावर पेडल वर येणं म्हणजे हवा, असं सरसकट धरलं जातं. ते अर्धंच खरं. हवा असेल तर पेडल वर येईल, पण वर येऊनही लवचीक राहील, कारण आतली हवा दाबली जातच असते. वर येऊन कडक थांबत असेल तर बहुतेक वेळा हवा नसतेच, शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) ड्रमपासून लांब असतात. सहा चाकं आणि प्रत्येक चाकाच्या सिलिंडरचे दोन दट्टे, असे बारा दट्टे मास्टरच्या एका स्ट्रोकमध्ये पुढे ढकलायचे असतात. शू लांब असले की तेवढं फ्लुइड एका दाबात जातच नाही. दुसरा दाब पटकन दिला तर रिटर्न स्प्रिंगांनी शू मागे ओढायच्या आत आणखी फ्लुइड पोचतं आणि पेडल वर येतं.

नवे व्हील सिलिंडर बसवताना तुम्ही शू मागे घेतले असणार. ते परत ॲडजस्ट केले का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून विचारतोय.

तीनॲक्सल

दुसऱ्या दाबाला कडक लागतं, पण अगदी शेवटी थोडं दबतं. शू मागे घेतले होते, ॲडजस्टमेंट हवा काढल्यावर करायची म्हणून ठेवली आहे.

पाना_चौदा

मग क्रम उलटा झालाय. आधी ॲडजस्टमेंट, मग हवा. शू लांब असताना हवा काढली तर व्हील सिलिंडरचे दट्टे प्रत्येक दाबाला लांब धावतात, फ्लुइड त्यांच्यातच जिरतं आणि लाइनमधून पुढे सरकणारा भाग थोडाच उरतो. बुडबुडा निपलपर्यंत येता येता थांबतो आणि पेडल सोडलं की मागे सरकतो.

या गाडीत प्रत्येक शूला वेगळा कॅम (फिरवला की शू ड्रमकडे सरकवणारा भाग) आहे, म्हणजे चाकामागे दोन आणि एकूण बारा. चाक जमिनीपासून उचला, बॅक प्लेटच्या मागून कॅमचं डोकं पान्याने धरा आणि चाक हाताने फिरवत कॅम फिरवा. चाक जाम झालं की कॅम थोडा मागे घ्या. चाक मोकळं फिरायला हवं, किंचित घासल्याचा आवाज आला तरी चालेल. मग त्याच चाकाचा दुसरा शू. दोन्ही झाले की पेडल एकदा जोरात दाबून सोडा म्हणजे शू ड्रममध्ये मध्यावर बसतील, आणि चाक पुन्हा फिरवून बघा. बऱ्याचदा कॅम आणखी थोडा हलवावा लागतो. खालच्या अँकर पिनांना हात लावू नका. त्या नवं लायनिंग टाकल्यावर करायच्या मोठ्या ॲडजस्टमेंटसाठी आहेत. त्या उगाच फिरवल्या तर शूचा एकच कोपरा ड्रमला टेकायला लागतो आणि मग कॅम कितीही फिरवले तरी पेडल नीट होत नाही.

एक गोष्ट इथे नेहमी फसवते. हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर आहे. तो ओढलेला असेल तर मागचं एक चाक उचलूनही फिरणार नाही, कारण शाफ्ट अडलेला आणि जोडीचं चाक जमिनीला टेकलेलं. चाक जाम आहे असं वाटून माणूस कॅम मागे मागे घेत बसतो. तेव्हा हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रल, आणि जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना पुढून-मागून दोन्हीकडून ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर काम करू नका, ॲक्सलखाली स्टँड हवेत.

जुनं_वंगण

वरचं ॲडजस्टमेंटचं सगळं बरोबर. पण "शेवटी थोडं दबतं" असं लिहिलंय, म्हणजे हवाही आहे. आणि ती कुठे आहे ते तुमच्याच वाक्यात आहे: सगळ्या *चाकांची* हवा काढली. एअरपॅकची नाही.

मास्टर सिलिंडरमधून निघालेलं फ्लुइड चाकांकडे थेट जात नाही, आधी एअरपॅकमध्ये जातं. पेडल दाबलं की मास्टरचं प्रेशर तिथल्या कंट्रोल व्हॉल्व्हला उघडतं, टाकीतली हवा मोठ्या सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलते, आणि त्या पिस्टनचा रॉड पुढच्या छोट्या हायड्रॉलिक सिलिंडरमधला दट्ट्या रेटतो. चाकांना जाणारं जास्त प्रेशर तिथे तयार होतं. या छोट्या सिलिंडरचा आणि कंट्रोल व्हॉल्व्हचा वरचा भाग ही हवा साठण्याची हक्काची जागा. मास्टर काढून परत बसवला की त्यातली सगळी हवा पहिली तिथे जाऊन बसते. तुम्ही चाकांतून फ्लुइड काढत राहता, ते तळाच्या बाजूने निघून जातं आणि हवेचा फुगा वर तसाच राहतो. निपलपाशी बुडबुडा दिसत नाही तो त्यामुळे.

एअरपॅकवर ब्लीडर निपल आहेत. काही युनिटवर दोन असतात, एक कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाजूला आणि एक हायड्रॉलिक सिलिंडरच्या टोकाला. काहींवर एकच असतो. चिखल-ग्रीसचा थर बसलेला असतो, वायर ब्रशने साफ केल्याशिवाय दिसत नाहीत. कुणीतरी पूर्वी युनिट बदलताना थोडं फिरवून बसवलं असेल तर निपल सर्वात उंच जागी राहत नाही. तसं असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून निपल वर येईल असं युनिट फिरवायला हवं, नाहीतर कितीही लिटर फ्लुइड ओता.

क्रम असा: मास्टर, एअरपॅक, मग सगळ्यात मागच्या ॲक्सलचं उजवं चाक, त्याचं डावं, मधल्या ॲक्सलचं उजवं, डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. मास्टर डाव्या बाजूला आहे, त्यामुळे उजवं मागचं सर्वात लांब पडतं. सगळं झाल्यावर पुन्हा एकदा एअरपॅक.

टाक्यांतली हवा पूर्ण सोडून द्या. ड्रेन कॉक उघडा, गेज शून्यावर आलं की पेडल दोन-तीनदा दाबून उरलीसुरली पण घालवा. का ते सांगतो. एअरपॅक विश्रांतीत असताना त्याच्या दट्ट्यातली चेक व्हॉल्व्हची वाट उघडी असते, मास्टरचं फ्लुइड सरळ आरपार चाकांकडे जातं. टाकीत हवा असेल तर पेडल हलकं दाबल्याबरोबर दट्ट्या पुढे सरकतो आणि ती वाट बंद होते. मग चाकाच्या निपलमधून येतं ते फक्त एअरपॅकच्या पुढचं फ्लुइड, आणि तेही एवढ्या जोरात की नळी निपलवरून उडते. डोळ्यांत गेलं तर काम तिथेच संपलं. गॉगल तसाही घालाच.

पेडल मारण्याबद्दलही थोडं. सिलिकॉन फ्लुइडमध्ये हवा पटकन मिसळते आणि बारीक फेसासारखी राहते, लवकर वर येत नाही. पेडल भराभर मारलं, डबा हलवला, उंचावरून धार धरून ओतलं, की तुम्हीच हवा आत घालताय. डबा उघडून थोडा वेळ शांत ठेवा, फनेलच्या कडेने ओता. पेडल सावकाश खाली, तीन-चार सेकंद धरून, निपल पाव फेरा उघडा, बंद करा, मगच पेडल सावकाश वर. निपल उघडा असताना पेडल सुटलं तर तेवढीच हवा परत आत. आणि पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे ते फ्लोअरपर्यंत जाणार नाही. मास्टरचं नुसतं किट बदललंय आणि बोअर जुनाच आहे. रोजच्या वापरात कप (दट्ट्यावरचं रबरी सील) जिथपर्यंत जातो त्याच्या पुढच्या भागात बोअरला गंजाचे खड्डे असतात. हवा काढताना पेडल तळाला गेलं की नव्या कपाची कड त्या खड्ड्यांवरून घासते आणि फाटते. मग पेडल धरल्यावर बुडतं आणि सगळे परत हवेच्या मागे लागतात.

हे सगळं करून पेडल वर आलं की इंजिन चालू करा, हवा १०० पीएसआयच्या वर जाऊ द्या आणि पेडल दहाएक वेळा जोरात, पूर्ण दाबून सोडा. एअरपॅकचा दट्ट्या लांब फिरला की आडोशाला बसलेले बुडबुडे सुटतात. मग गाडी तासभर तशीच उभी ठेवा, हवा सोडा, आणि एअरपॅकचा निपल परत उघडा. यावेळी जो फुसकारा येतो तो बघून कळेल.

सहाचाकी

दोन माणसांच्या पद्धतीपेक्षा या गाडीला प्रेशर ब्लीडर बरा. लाइन लांब आहेत आणि मास्टरचा एक स्ट्रोक थोडासाच. फवारणीचा हातपंप, नवाकोरा, त्यात कधीही कीटकनाशक न भरलेला, मास्टरच्या फिलर प्लगच्या आट्यांना बसेल असं ॲडॉप्टर, आणि मधे पारदर्शक नळी. १० ते १५ पीएसआय पुरे. २० च्या वर नेऊ नका, मास्टरची टाकी त्यासाठी बनलेली नाही. पंप जोरजोरात मारून प्रेशर करू नका. फ्लुइड ओतल्यावर ते शांत होऊ द्या, मग सावकाश प्रेशर चढवा.

फिलर प्लगपर्यंत पोचायला ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात झाकण आहे. ते उघडायच्या आधी भोवतालची माती व्हॅक्यूमने ओढून घ्या, नाहीतर झाकण निघताच सगळी मास्टरवर पडते.

आणि व्हेंट लाइन विसरू नका. ही गाडी खोल पाण्यातून जावी म्हणून मास्टरचा व्हेंट उघड्यावर न ठेवता नळीने जोडलेला आहे. प्रेशर देताना ती नळी सोडून तिथे प्लग लावा. नाही लावला तर प्रेशर बनतच नाही आणि फ्लुइड त्या नळीत चढतं. काम संपल्यावर प्लग काढून नळी परत जोडायची. ती बंद राहिली तर टाकीत हवा शिरत नाही आणि पेडल परत येताना ओढल्यासारखं येतं.

प्रेशर लावून ठेवलं की एकटा माणूस निवांत फिरू शकतो. प्रत्येक निपलला नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवलेलं. निपल अर्धा फेरा उघडा आणि थांबा. प्रवाह बारीक आला तरी चालेल.

व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांसाठी: निपलच्या आट्यांतून हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे कधीच थांबत नाहीत. ती हवा सिस्टिममधली नसते. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळता येते, फक्त टोकाच्या शंकूवर येऊ देऊ नका, तिथे धातूला धातू बसायला हवा.

पाना_चौदा

प्रेशर ब्लीडरला विरोध नाही, पण ॲडॉप्टर नसेल तर अडून बसू नका. निपल उघडून फ्लुइड आपोआप ठिबकू देणं सिलिकॉनला उलट जास्त मानवतं, कारण काहीच घुसळलं जात नाही. वेळ लागतो एवढंच. मास्टर भरलेला ठेवा, पेडल पूर्ण वर असू द्या. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलपासून दट्ट्यापर्यंतचा दांडा) मोकळा खेळ नसेल तर कप आतलं छोटं कॉम्पेन्सेटिंग छिद्र झाकून बसतो आणि एक थेंबही उतरत नाही. ही खेळ तपासण्याची फुकटातली टेस्टच आहे: मागचा निपल उघडला, मास्टर भरलेला, तरी काही येत नाही, तर आधी पुशरॉड बघा. पेडल हाताने दाबलं तर दट्ट्याला टेकायच्या आधी पाव ते अर्धा इंच मोकळं हलायला हवं. किट बदलताना हे हमखास बिघडतं. आणि तसंच राहिलं तर गाडी गरम झाल्यावर फ्लुइड फुगतं, त्याला मास्टरमध्ये परत जायला वाट नसते, आणि सहाही चाकं हळूहळू धरायला लागतात.

लोड_टेस्टर

एवढा व्याप कशाला? सिलिकॉन फ्लुइड मुळातच थोडं दबतं, पेडल कधीच कडक येणार नाही. डॉट ४ भरा आणि मोकळे व्हा.

जुनं_वंगण

@लोड_टेस्टर, असं करू नका हो. सिलिकॉन किंचित दबतं हे खरं, पण त्याने पेडल फ्लोअरला जात नाही. डॉट ५ मध्ये डॉट ३, ४ किंवा ५.१ मिसळत नाही, कारण ती तिन्ही ग्लायकॉलची फ्लुइडं. ५.१ हे नाव फसवं, ते ग्लायकॉलच आहे. दोन्ही एकत्र गेली तर वेगळे थर होतात, वर सिलिकॉन, खाली ग्लायकॉल, आणि ग्लायकॉलने ओढलेलं पाणी नेमकं व्हील सिलिंडरच्या तळाशी जाऊन बसतं. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात या गाड्या सिलिकॉनवर नेल्या, कारण त्या वर्षानुवर्षं उभ्या राहतात आणि ग्लायकॉल हवेतलं पाणी ओढतं. बीएफएस (सिलिकॉन ब्रेक फ्लुइड), एमआयएल-बी-४६१७६ (लष्करी मानक) असं जुन्या डब्यांवर दिसतं ते हेच. सिलिकॉन पाणी ओढत नाही, पण आत शिरलेलं पाणी विरघळवूनही घेत नाही. ते सर्वात खालच्या जागी थेंबाथेंबाने साठतं, म्हणून दोनेक वर्षांनी निपलमधून थोडं फ्लुइड काढून टाकलेलं चांगलं.

बदलायचंच असेल तर सगळे रबर कप, सगळे होज नवे, धातूच्या लाइन डिनेचर्ड अल्कोहोलने धुऊन कोरड्या हवेने वाळवायच्या. डिझेल, पेट्रोल, रॉकेल यातलं काहीही लावायचं नाही. खनिज तेल लागलं की ब्रेकचं रबर फुगतं, आणि फुगलेला कप बोअरमध्ये अडकतो.

गाडी दुसऱ्याकडून आली असेल तर आत काय आहे ते बघा, रंगावर विसंबू नका. सिलिकॉनचा जांभळा रंग जुना झाला की पिवळट पडतो. काचेच्या बाटलीत थोडं फ्लुइड घ्या, तेवढंच पाणी टाका, हलवून ठेवा. एकजीव झालं तर ग्लायकॉल. पाणी खाली आणि फ्लुइड वर तरंगलं तर सिलिकॉन. मधे गढूळ थर आला तर कुणीतरी दोन्ही ओतलंय, आणि मग सगळं उघडण्याशिवाय इलाज नाही.

ग्रीसगन

दोन-तीन किरकोळ गोष्टी, कुणी लिहिल्या नाहीत म्हणून.

नवे व्हील सिलिंडर उलटे तर बसले नाहीत ना? निपल वर आणि पाइपची जोडणी खाली असायला हवी. उलटं झालं तर वरच्या भागातली हवा कधीच निघत नाही आणि निपलमधून मात्र स्वच्छ फ्लुइड येतं.

बाकीच्या चाकांचे जुने निपल सहा बाजूंच्या सॉकेटनेच उघडा. बारा बाजूंचा रिंग पाना त्यांचे कोपरे खातो. जाम असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल टाकून रात्रभर सोडा, मग निपलच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, मग आधी किंचित *घट्ट* करायच्या दिशेने आणि लगेच उलट. ते तेल सिलिंडरच्या आत जाता कामा नये, म्हणून निपल सुटला की पहिलं चमचाभर फ्लुइड बाहेर वाहू द्या. उघडूनही काही येत नसेल तर निपलचं भोकच मातीने बुजलेलं असतं, बाहेर काढून तारेने मोकळं करा.

आणि बाकीचे रबरी होज जुनेच आहेत, हे लक्षात ठेवा. बाहेरून चांगले दिसतात, आतून अस्तर सुटून पडदा झालेला असतो. पेडल दाबल्यावर फ्लुइड जातं, सोडल्यावर परत येत नाही, चाक धरून राहतं. दाबताना होज हातात धरून बघा. फुगल्याचं हाताला जाणवलं तर तो काढून टाका.

हवा काढण्यासाठी चाक काढायची गरज नाही, निपल मागून मिळतो. काढायचंच झालं तर हे रिम लॉक रिंगचे आहेत. आधी व्हॉल्व्हचा गाभा काढून टायर पूर्ण रिकामा करा, मगच नटांना पाना लावा.

तीनॲक्सल

बारा कॅम ॲडजस्ट झाले. पुशरॉडला खेळ अजिबात नव्हता; ॲडजस्ट करताना तो पाऊण इंच झाला, मग परत कमी करून अर्ध्यावर आणला. एअरपॅकवर दोन निपल निघाले, दोन्हींतून हवा आली, कंट्रोल व्हॉल्व्हच्या बाजूच्या निपलमधून तर बराच वेळ फेसच येत होता. आता टाकीत हवा नसताना पेडल पहिल्याच दाबाला वर आणि कडक.

पण नवीनच लक्षण: इंजिन चालू, १०५ पीएसआय, पेडल दाबून धरलं तर ते हळूहळू खाली सरकतं. थोडा वेळ ब्रेक मारून बघितल्यावर मास्टरची पातळी बोटभर उतरली. सहाही चाकांच्या आत बॅक प्लेटपाशी कोरडं आहे, लाइनही कोरड्या.

सहाचाकी

पातळी उतरली आणि बाहेर ओल नाही, म्हणजे फ्लुइड एअरपॅकच्या हवेच्या सिलिंडरमध्ये जातंय. रॉडच्या सीलमधून.

जुनं_वंगण

बहुतेक तेच. तरी युनिट खाली उतरवण्याआधी खात्री करा, कारण ते जड आहे आणि वाकड्या जागी आहे.

टाक्या रिकाम्या करा. हवेच्या सिलिंडरची एक्झॉस्टची नळी सोडा, खाली पांढरं फडकं धरा. जांभळट ओल दिसली तर निकाल लागला. सिलिंडरच्या तळाला प्लग असेल तर तो उघडा, कधीकधी तिथून कपभर फ्लुइड पडतं. चालू गाडीत ते एक्झॉस्टच्या हवेबरोबर थोडं थोडं उडून जातं, म्हणून जमिनीवर डाग पडत नाही. (दुसऱ्या महायुद्धातल्या जीएमसी सीसीकेडब्ल्यू ट्रकला एअरपॅकऐवजी व्हॅक्यूमवर चालणारं हायड्रोव्हॅक आहे. तिथे असंच सील गेलं की फ्लुइड इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तुमच्याकडे ती खूण मिळणार नाही.)

तिथे अगदी कोरडं निघालं तर मात्र गळती आतल्या आत आहे. हे दोन ठिकाणी होऊ शकतं: मास्टरचा मुख्य कप, नाहीतर एअरपॅक. वेगळं करायला मास्टरच्या आउटलेटची लाइन सोडून तिथे त्याच आट्यांचा, फ्लेअरची बैठक असलेला प्लग लावा. हवा नसताना पेडल पायाने जोरात दाबून अर्धा मिनिट धरा. बुडलं तर मास्टर. नाही बुडलं तर लाइन जोडा आणि प्लग एअरपॅकच्या चाकांकडच्या आउटलेटला लावा, पुन्हा हवा नसतानाच दाबा. आता बुडलं तर एअरपॅक. प्लग लावलेला असताना टाकीत हवा भरून ही टेस्ट करू नका.

कानालाही काम द्या. पेडल धरून ठेवलेलं असताना एअरपॅकमधून सतत फुस येत असेल तर हवेच्या पिस्टनचं पॅकिंग गळतंय. पेडल सोडलेलं असतानाही फुस असेल तर कंट्रोल व्हॉल्व्ह बैठकीवर बसत नाही, बहुधा कचरा किंवा गंज. या दोन्हींमुळे फ्लुइड कमी होत नाही, पण युनिट उघडताय तर तेही करून टाका.

उघडताना: आत रिटर्न स्प्रिंग दाबलेली आहे. बोल्ट सगळे एकदम काढले तर एंड कव्हर अंगावर येतं. समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब स्टड आणि नट घाला, बाकीचे बोल्ट काढा, मग दोन्ही नट थोडे थोडे आळीपाळीने सोडत स्प्रिंग मोकळी करा. हायड्रॉलिक बोअरला नखाला लागेल असा ओरखडा किंवा खड्डा असेल तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, नवं सील महिनाभरात परत तेच करेल. सिलिकॉन तर अशा बोअरमधून ग्लायकॉलपेक्षाही लवकर झिरपतं.

तोवर गाडी हलवू नका. एकच सर्किट आहे, मास्टर रिकामा झाला की सहाही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हाताशी उरतो तो शाफ्टवरचा हँडब्रेक.

तीनॲक्सल

फडकं जांभळं झालं. प्लगमधूनही निघालं. युनिट उतरवतोय. परत बसवल्यावर पुन्हा सगळ्या चाकांची हवा काढायची का?

पाना_चौदा

एअरपॅक उतरवल्यावर दोन्ही लाइनची तोंडं टोपीने बंद करून ठेवा, म्हणजे चाकांकडचं फ्लुइड खाली उतरणार नाही. बसवण्याआधी युनिट टेबलावर निपल वर ठेवून शक्य तेवढं भरून घ्या. बसवून झालं की आधी एअरपॅकचे दोन्ही निपल, मग प्रत्येक ॲक्सलचं एकेक चाक उघडून बघा, सुरुवात मागच्या उजव्यापासून. ज्या ॲक्सलला बुडबुडा दिसेल तिथलं जोडीचं चाकही करा. चार लिटर फ्लुइड हाताशी असू द्या, आणि निपलमधून निघालेलं परत मास्टरमध्ये ओतू नका, त्यात फेस असतो.

नंतर थोडं अंतर सावकाश चालवून सहाही ड्रमला हात न लावता जवळ नेऊन बघा, किंवा इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर त्याचा कॅम थोडा मागे घ्या. तरीही गरमच राहिला तर @ग्रीसगन म्हणतात तसा त्या ॲक्सलचा होज बघा.